देवाच्या दिव्याची तार

स्कॅनर आला त्या दिवशी आप्पांनी दुकानातल्या फळीवरचं सगळं सामान खाली उतरवलं, फळी ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि मधोमध ती काळी पेटी ठेवली. मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी जाण्याआधी दुकानात डोकावले, तर आप्पा स्टुलावर बसून पेटीकडे नुसते बघत होते. माझा डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता, आणि हे मी त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. मी तशीच आहे. मनात आलं की ते ओठांवर यायला मला वेळ लागत नाही, आणि पुढं जे झालं त्याला हाच माझा गुण कारण झाला.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचं एका गाळ्याचं दुकान होतं आणि ते गाड्यांची वायरिंगची कामं करायचे. मी शाळेत असताना, म्हणजे नव्वदच्या दशकात, त्यांच्याकडे जीपा, टेम्पो, ट्रॅक्स, जुन्या मोटारी यायच्या. कुणाचा सेल्फ-स्टार्टर फिरत नसे, कुणाचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजे, कुणाला टेप बसवून हवा असे. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. पण वस्तादांचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच एका कामासाठी. गाडीच्या डॅशबोर्डवर देवाची मूर्ती असते, तिच्यापुढे लाल नाहीतर पिवळा इवलासा दिवा असतो. तो बसवावा तर आप्पांनीच, अशी गिऱ्हाइकांची समजूत होती. कागल, शिरोळ, पार निपाणीकडून लोक नवी गाडी घेऊन थेट दुकानात यायचे, पेढ्यांचा पुडा आणि मूर्ती दोन्ही हातात देऊन म्हणायचे, "वस्ताद, तुमच्या हाताला गुण हाय. दिवा तुम्हीच लावा."

आमच्या घरात देव्हारा नव्हता. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हा सगळे देव घराबाहेर गेले होते आणि भिंतीवर एकटी बुद्धाची तसबीर होती. पण गिऱ्हाइकाची मूर्ती हातात घ्यायच्या आधी आप्पा साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. ग्रीसचे हात कुणाच्या श्रद्धेला लावू नयेत, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. आई चिडवायची, "सगळ्या गावाचं देव उजळून आला, आता आपल्या न्हाणीतला बल्ब तेवढा बदला." आप्पा हसायचे आणि न्हाणीतला बल्ब तसाच राहायचा.

या दिव्याची एक अट असायची. गाडी बंद केली, किल्ली काढली, तरी देवापुढचा दिवा विझता कामा नये. म्हणजे त्याला अशी तार हवी की जिच्यात बॅटरीची वीज कायम असते. बॅटरी पुढं, बॉनेटखाली. तिथून डॅशबोर्डापर्यंत वेगळी तार ओढायची तर अर्धी गाडी उकलायला लागते. आप्पांनी जवळचा रस्ता शोधून काढला होता. दोन हजार सालाच्या आगेमागे ज्या नव्या गाड्या यायला लागल्या, त्यांच्यात स्टिअरिंगखाली एक चपटं सॉकेट असायचं. त्यात कधी कुणी काही खोचलेलं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्या सॉकेटला जाणारी एक तार मात्र कायम जिवंत असायची. आप्पा ती तार कापायचे, दोन टोकांत दिव्याचं तिसरं टोक घालून तिघांचा घट्ट पीळ मारायचे, त्यावर आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा गच्च गुंडाळायचे आणि वरून काळी टेप. उन्हानं टेप सैल पडते, दोरा पडत नाही, म्हणून हा दोरा. दुसऱ्या कुणाच्या जॉइंटमध्ये तो नसायचा. टेप सोडली की आप्पांचं काम ओळखू यायचं.

ते सॉकेट कशासाठी असतं हे पुढं सगळ्यांनाच कळलं. गाड्यांमध्ये संगणक आले. इंजिनात काही बिघडलं की समोर पिवळं चिन्ह पेटायला लागलं, आणि बिघाड नेमका कुठला हे सांगणारा आकडा, म्हणजे फॉल्ट कोड, फक्त मशीनलाच वाचता यायला लागला. जुनी गिऱ्हाइकं आप्पांकडे यायची, ते पिवळं चिन्ह दाखवायची, आणि आप्पांना त्यांना शोरूमच्या वर्कशॉपात पाठवून द्यावं लागायचं. एकदा गेलेला माणूस परत येत नसे. दुपारी मी कधी दुकानात गेले तर आप्पा एखादा जुना सेल्फ उगाच उघडून साफ करत बसलेले दिसायचे. माडीवरचे पत्रे बदलायचा बेत त्यांनी बाजूला ठेवला आणि पुण्याच्या एका विक्रेत्याकडून स्कॅनर घेतला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवी विद्या शिकायची होती. ती जमली तर दुकान चालणार होतं, नाही जमली तर सेल्फ साफ करायला तरी किती दिवस कोण येणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पुण्याच्या माणसानं स्वतःच्या गाडीवर मशीन चालवून दाखवलं. सॉकेटमध्ये केबल खोचली, पडदा उजळला, गाडीचं नाव निवडलं आणि माहिती सरसर खाली उतरली. मशीनला वीजही त्याच सॉकेटातून मिळते, वेगळी बॅटरी नको, हे त्यानं कौतुकानं सांगितलं. तो गेल्यावर आलेली पहिली गाडी बेळगाव पासिंगची होती. तिचा कोड एका दमात आला. आप्पांनी समोरच्या पंक्चरवाल्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवसापासून मशीन मुकं झालं. म्हणजे पडदा उजळायचा, गाडीचं नावही निवडता यायचं, मग एक चक्र गरगर फिरायचं आणि शेवटी 'लिंक एरर' अशी पाटी यायची. गाडीशी बोलणं होत नाही, असा त्याचा अर्थ. आप्पांनी किल्ली बंद करून परत चालू केली. सॉकेटच्या पिना पेट्रोलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं घासल्या. केबल हलवून बघितली, तिरकी धरून बघितली. केबल काढून सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला. मल्टिमीटर लावला, त्यावर बारा व्होल्ट दिसले. "वीज हाय की! मग ह्येला काय रोग झालाय?" असं ते मलाच विचारायचे, जणू मशीन मी जन्माला घातलं होतं.

केबल पुण्याला पाठवली. ठीक आहे म्हणून परत आली. मग अख्खं मशीन पाठवलं, तेही ठीक आहे म्हणून परत आलं. फोनवर तिकडचा पोरगेला आवाज म्हणाला, "काका, मशीनला काही झालेलं नाही. तुम्हाला वापरायला जमत नसेल तर कुणाला तरी शिकून घ्यायला पाठवा." आप्पांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

सगळ्यात विचित्र गोष्ट अशी की बाहेरगावची गाडी आली तर मशीन बहुतेक वेळा बोलायचं. पुण्याची गाडी वाचली, बेळगावच्या आणखी दोन वाचल्या. आपल्या गावची आली की मात्र चक्र गरगर आणि लिंक एरर. पंक्चरवाला रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा, "वस्ताद, ह्येला कोल्हापूर पासिंग चालत न्हाय वाटतं!" आप्पा पहिल्यांदा हसले. नंतर हसायचे बंद झाले. मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन ते भिंगाखाली एकेक अक्षर लावत बसायचे आणि कुठली पिन कशाची हे वहीत मराठीत उतरवून काढायचे. मला दोनदा म्हणाले, "एकदा येऊन बघ की बाळ." माझी पाळी बदलत होती, कारखान्यात एक्स्पोर्टची ऑर्डर होती, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. दिवसभर मीटर बघून आल्यावर पुन्हा मीटर बघायचा नव्हता. मी महिनाभर टाळलं. त्या महिन्यात आप्पा वाळल्यासारखे झाले.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मी गेले. दुकानासमोर एक पांढरी मोटार उभी होती. तिचे मालक एका हायस्कुलातले मास्तर. मी परकरात होते तेव्हापासून त्यांच्या आधीच्या स्कूटरचं, मग जुन्या मोटारीचं, मग या मोटारीचं काम आप्पांकडे यायचं. सौम्य बोलणारे, नीटनेटके गृहस्थ. माझ्या दहावीला त्यांनी मला शब्दकोश भेट दिला होता. ते दुकानातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते आणि आप्पा त्यांच्या गाडीत स्टिअरिंगखाली मान मोडून पडले होते. पिवळं चिन्ह पेटलेलं होतं. मशीनवर चक्र फिरत होतं.

मी शेजारच्या सीटवर बसले. आप्पांनी केबल काढली, फुंकर मारली, परत खोचली. आणि मला ते दिसलं. डॅशबोर्डवर गणपती होता, त्याच्यापुढे पिवळा दिवा. केबल खोचली की दिवा मंद व्हायचा. काढली की पुन्हा उजळायचा. मी आप्पांना म्हटलं, परत खोचा. परत काढा. दर वेळी तेच. आप्पा महिनाभर सॉकेटपाशी डोकं घालून होते, त्यामुळं वरचा दिवा त्यांना दिसणंच शक्य नव्हतं.

आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच. तारेवर ओझं नसताना, म्हणजे तिच्यावर काही चालत नसताना, वीज मोजली तर ती पुरेशीच दिसते. ओझं टाकून मोजायची. आप्पांना बाहेर काढून मी त्यांच्या जागी वाकले आणि मशीन खोचलेलं ठेवून सॉकेटच्या मागच्या बाजूनं मीटरच्या सुया लावल्या. बाराच्या जागी साडेसात. पडदा उजळायला तेवढी पुरत होती, पण गाडीशी बोलायला पुरत नव्हती. म्हणजे वाटेत कुठंतरी तार कुजली होती. मी स्टिअरिंगखालची झाकणी उचकटली, तार चाचपत गेले आणि माझ्या हाताला काळ्या टेपचा फुगवटा लागला. टेप सोडली. आत दोरा. तो हिरवा झाला होता, आणि त्याच्याखालचं तांबं नखानं उकरलं तर पिठूळ होऊन पडत होतं. आमच्याकडचे चार महिने पावसाचे, गाडीत ओल येतेच. दोऱ्यानं ती ओल पिऊन धरून ठेवली होती. साधी टेप असती तर जॉइंट कदाचित कोरडा राहिला असता. जास्तीची काळजीच नडली होती.

हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात जुळलं. बेळगावच्या गाड्या, पुण्याच्या गाड्या, कोल्हापूर पासिंग. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कोडं सुटल्याचा तो आनंद होता, त्यात आप्पा कुठंच नव्हते. मी तार हातात धरून गाडीतूनच मोठ्यानं म्हटलं, "आप्पा, मशीनला काय सुदीक झालेलं न्हाय! ह्यो जॉइंट तुमचा हाय. तुम्हीच सगळ्या गाड्यांची वाट लावून ठेवलीया!"

आप्पा उभे राहिले. मास्तरांनी पेपर खाली घेतला. ते गाडीपाशी आले, वाकून त्यांनी तो हिरवा दोरा बघितला आणि चष्मा काढून पुसला. मग अगदी मऊ आवाजात, हसल्यासारखं करून म्हणाले, "तरी घरात म्हणत होते, देवाचा दिवा आहे, तुमच्या हातून नको. मीच ऐकलं नाही."

बस, एवढंच. त्यांनी जातीचं नाव घेतलं नाही. आवाज चढवला नाही. ज्या सुरात त्यांनी मला शब्दकोश दिला होता त्याच सुरात ते बोलले. पण 'तुमच्या हातून' म्हणजे कुणाच्या हातून हे त्या गाडीपाशी असलेल्या आम्हा तिघांनाही समजलं होतं. जॉइंट चांगला होता तोवर तो वस्तादांचा हात होता. जॉइंट कुजला आणि तो आमचा हात झाला. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. गंमत बघा, हवं तिथं माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही.

आप्पांनी खाली मान घालून कुजलेला भाग कापला, नवी तार घातली, कथिलाचा डाग देऊन पक्की केली. मशीन खोचलं. आकडा लगेच आला. एका सेन्सरची पिन सैल होती, ती दोन मिनिटांत बसली आणि पिवळं चिन्ह गेलं. आप्पांनी विचारलं, "आन् दिवा?" मास्तर म्हणाले, "काढूनच टाका." आप्पांनी तो काढला, पुसला आणि मास्तरांच्या हातात न देता ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवला.

घरी आल्यावर मी जेवले नाही. आईनं विचारलं काय झालं, तर आप्पाच म्हणाले, "काय न्हाय, मशीन सुरू झालं." खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही काढली. कुठल्या कुठल्या गाडीत आपण असा जॉइंट मारलाय याची यादी करायची होती. गाड्यांचे नंबर त्यांना आठवत नव्हते, त्यांना देव आठवत होते. जोतिबावाली जीप. काळ्या काचांची अंबाबाई. दत्तमहाराज, हिरवा टेम्पो, गंगावेशीतला. असं दोन पानं लिहून झालं आणि ते सायकल काढून निघाले. घरोघर जाऊन सांगायचं, तुमच्या गाडीत माझ्या हातनं चूक झालीया, गाडी आणा, दुरुस्त करून देतो.

मी अडवलं. "आप्पा, कुणी विचारलंय तुम्हाला? गाड्या येतील तशा दुरुस्त करा की गुपचूप."

"न विचारता सांगायचं आसतंय," ते म्हणाले. "माझ्या हातनं झालंय, माझ्याच हातनं निघाय पायजे."

"चुकलं माझं. मास्तरांसमोर बोलाय नको होतं."

"तू खरं तेच बोललीस."

"आन् ते काय बोलले?"

आप्पांनी सायकलला टांग मारली. 

एका माणसानं आपणहून चूक कबूल केली तर लोक काय करतात, हे मी त्या वर्षी बघितलं. काहींनी हसून सोडून दिलं. काहींना वाटलं, वस्ताद काम मिळवायला निघालेत. एकानं आपली दोन वर्षांपूर्वी मेलेली बॅटरी दाखवली आणि म्हणाला, म्हणजे ही बी तुमच्या दिव्यानंच खाल्ली असणार. एकानं गाडी आणलीच नाही, आप्पा समोर असतानाच शोरूमच्या वर्कशॉपला फोन लावला. थोड्याच दिवसांत पेठेत बोललं जाऊ लागलं की वस्तादाच्या जॉइंटनं गाड्या बिघडतात. मास्तर जे बोलले ते पुन्हा कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती, एकदा बोललेलं पुरेसं होतं. मशीन आता फळीवर तयार असायचं, कुठलीही गाडी एका दमात वाचायचं, आणि वाचायला गाडी नसायची. मी पगार घरी देत होते, त्यामुळं चूल चालत होती. पण दुकानात कुणी येत नाही म्हणून आप्पांनी दोन वेळचं जेवण अर्धं केलं, ते पगारानं भरून येणारं नव्हतं.

यादीतली कामं मात्र ते करत राहिले. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायला लागले, प्रायश्चित्त म्हणा हवं तर. मला एक गोष्ट दिसत होती. सॉकेटची तार ते नीट करायचे, पण दिवा परत बसवायचे नाहीत. मालकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "दिवा पायजे आसंल तर दुसरीकडनं लावून घ्या." मला वाटलं, पुन्हा बिघाड नको म्हणून ते खबरदारी घेतायत. इतकी हुशार मी, ओझं टाकून वीज मोजणारी, मला एवढंच वाटलं.

यादीतलं शेवटचं नाव शिरोळकडचं होतं. कृष्णेकाठचा मोठा बागायतदार, मोठ्या गाडीचा मालक. आधीच्या पावसाळ्यात तिकडं पूर येऊन गेला होता. आम्ही एसटीनं गेलो, पुढं उसातनं चालत. मालक अंगणातच होते. सत्तरीचे, धोतर, गळ्यात माळ, आवाज असा की चार शेतांपलीकडं ऐकू जावा.

"या, या वस्ताद! आन् ह्या कोण, लेक व्हय? बसा बसा. आगं च्या ठेवा गं!"

आप्पांनी उभ्या उभ्याच आपली नेहमीची चूक सांगून टाकली. म्हाताऱ्यांनी ती पुरी ऐकूनच घेतली नाही.

"आवं, कसली चूक घिऊन बसलाय? पूर आल्ता तवा सीटपातुर पाणी हुतं गाडीत. सगळं बंद पडलं, पर माझ्या जोतिबाचा दिवा इझला न्हाय बघा! तुमच्या हाताला गुण हाय, वस्ताद."

आप्पा स्टिअरिंगखाली वाकले. त्यांनी झाकणी काढली. आतल्या जॉइंटचं तर नुसतं हिरवं पीठ झालं होतं, दिवा अजून कसा पेटत होता देव जाणे. त्यांनी तो कापला, सॉकेटची तार डाग देऊन पक्की केली आणि दिवा सोडवून मालकाच्या हातात दिला.

म्हातारे बघतच राहिले. "ह्यो काय? दिवा लावा की परत!"

"दुसरीकडनं लावून घ्या."

"दुसरीकडनं? आन् का म्हून? दिवा लावल्याबिगार मी तुमास्नी जाऊ दीन व्हय? माझा जोतिबा अंधारात बसवून जाणार व्हय तुम्ही?"

आप्पांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी या खेपेला जवळचा रस्ता धरला नाही. बॉनेट उघडून थेट बॅटरीपासून वेगळी तार ओढली, मध्ये फ्यूज घातला, डॅशबोर्ड सोडवून ती आतून वर आणली. दोन तास लागले. मी इतकं सुबक काम कारखान्यातही बघितलं नव्हतं. शेवटी दिव्याच्या तारेचं एक टोक आणि बॅटरीकडून आलेलं एक टोक, दोन्हींवरचं रबर सोलून, तांबं चकचकीत करून त्यांनी बाहेर काढलं. तेवढा एक पीळ मारायचा राहिला होता.

तिथं आप्पा थांबले. गाडीतून खाली उतरले आणि दोन्ही टोकं म्हाताऱ्यांपुढं धरून म्हणाले, "एवढी तार तुम्ही जोडा."

"म्या? मला काय कळतंय त्यातलं?"

"एकमेकांत पिळायची फकस्त. पर तुमच्या हातानं जोडा, मालक. देवाची हाय."

म्हातारे हसले. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. मला कळलं, आणि मास्तरांचा तो मऊ आवाज इतके महिने आप्पांच्या आत कुठंपर्यंत गेला होता हेही त्याच वेळी कळलं. मी पुढं होऊन ती टोकं घ्यायला हात केला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझाही हात त्याच घरातला होता. मी तो मागं घेतला.

म्हाताऱ्यांनी धोतराला हात पुसले, गाडीत वाकले आणि पीळ मारला. तो वाकडा झाला होता, सैल होता. आप्पांनी तो बघितला आणि तसाच राहू दिला. दिवा पेटला. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग आप्पांनी खिशातून काळी टेप काढली, ती त्यांच्या हातात दिली आणि किती वेढे द्यायचे ते बाहेर उभं राहून तोंडानं सांगत राहिले.